प्रोफेशनल सर्व्हिसेस ऑटोमेशन

प्रोफेशनल सर्व्हिसेस ऑटोमेशन, म्हणजेच पीएसए, ही प्रकल्पांवर माणसे नेमणे, त्यांचे तास नोंदवणे आणि त्या तासांवरून ग्राहकाचे बिल काढणे ही कामे एकाच जागी सांभाळणारी सॉफ्टवेअर प्रणाली होय. सॉफ्टवेअर कंपन्या, सल्लागार संस्था, लेखापरीक्षक, वकिलांच्या फर्म, जाहिरात व अभियांत्रिकी संस्था ती वापरतात. या धंद्यांत गोदाम नसते. विकायचा माल म्हणजे माणसांचा वेळ, आणि आज न विकला गेलेला तास उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. कोण कुठे किती वेळ गुंतले आहे, या एकाच माहितीवर मनुष्यबळाचे नियोजन, प्रकल्पाचा खर्च आणि बिल ही तिन्ही चालतात. तीच माहिती तीन विभागांच्या तीन एक्सेल शीटमध्ये विखुरली की महिनाअखेरीस आकडे जुळेनासे होतात.

वेळ नोंदवण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. रेजिनाल्ड हेबर स्मिथ या अमेरिकी वकिलाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बॉस्टनमध्ये काम करत असताना, तासाचे दहा भाग पाडून सहा-सहा मिनिटांच्या मापाने वकिलांच्या कामाची नोंद ठेवण्याची रीत रुजवली. हेतू मुख्यतः कामाचा खर्च समजून घेण्याचा होता. बिलही तासांवर आकारणे अमेरिकेत सर्रास झाले ते बऱ्याच नंतर. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोल्डफार्ब खटल्यात वकील संघटनेचा किमान शुल्काचा तक्ता बेकायदा ठरवला, तेव्हा त्या रीतीला आणखी बळ मिळाले. सहा मिनिटांचे माप वकिली सॉफ्टवेअरमध्ये अजून टिकून आहे. इंटरनेटवर चालणाऱ्या पीएसए प्रणाली विसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. त्यांतली ओपनएअर २००८ मध्ये नेटसुइट या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि २०१६ मध्ये नेटसुइटच ओरॅकलच्या ताब्यात गेली.

माणसे नेमण्याच्या भागात प्रत्येकाचे कौशल्य, अनुभव, दर, रजा आणि आधीचे अलोकेशन, म्हणजे कोणत्या प्रकल्पाला किती वेळ दिला आहे, हे नोंदलेले असते. काम अजून हाती यायचे असेल तर सॉफ्ट बुकिंग, म्हणजे तात्पुरती नेमणूक, आणि करार झाला की हार्ड बुकिंग, म्हणजे पक्की नेमणूक, असा भेद केला जातो. एकच माणूस दोन प्रकल्पांवर मिळून १४० टक्के अलोकेट झाला, तर प्रणाली ते लगेच दाखवते. तोडगा मात्र दोन प्रोजेक्ट मॅनेजरांनी समोरासमोर बसूनच काढावा लागतो. येऊ घातलेल्या कामांचा अंदाज ही यातली सर्वांत फसवी बाजू. ५०० तासांचे काम मिळण्याची शक्यता ६० टक्के धरली की प्रणाली ३०० तासांची मागणी मांडते. प्रत्यक्षात ३०० तास कधीच येत नाहीत; एक तर ५०० येतात किंवा शून्य. अशी वीस-पंचवीस कामे रांगेत असली तर सरासरी बऱ्यापैकी जमते, पण दोनच मोठी कामे असतील तर त्या आकड्यावर भरती करणे धोक्याचे.

व्यवस्थापनाचे लक्ष मुख्यतः युटिलायझेशनवर असते. आठवड्याला ४० तासांप्रमाणे वर्षाचे २,०८० तास होतात. सुट्ट्या आणि रजा वजा जाता समजा १,८०० उरले आणि त्यांतले १,३५० बिलेबल, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल अशा, कामात गेले, तर युटिलायझेशन ७५ टक्के. त्या १,३५० पैकी बिलात १,२१५ च धरले गेले, तर रिअलायझेशन ९० टक्के. पहिला आकडा फुगवणे सोपे असते. पैसा दुसऱ्यावर ठरतो. बेंचवरची माणसे, म्हणजे सध्या प्रकल्प नसलेली, पहिल्या आकड्यात लगेच डोळ्यांत भरतात. युटिलायझेशन १०० टक्क्यांकडे नेण्याचा हट्ट धरणाऱ्या संस्थेत मग प्रशिक्षणाला किंवा अचानक आलेल्या कामाला माणूसच मोकळा राहत नाही.

बिल कसे निघेल हे करारावर ठरते. टाइम अँड मटेरियल करारात मंजूर टाइमशीट (तासांचा तक्ता) गुणिले रेट कार्ड (दरपत्रक) एवढाच हिशेब असतो. फक्त दर मध्येच बदलला तर आधीच्या तासांना जुनाच दर लागावा, म्हणून प्रत्येक दराला लागू झाल्याची तारीख असावी लागते. रिटेनरमध्ये दरमहा ठरलेली रक्कम आणि फिक्स्ड प्राइसमध्ये टप्पा पूर्ण झाला की इनव्हॉइस. फिक्स्ड प्राइस कामातच खरी गुंतागुंत आहे, कारण बिल निघणे आणि उत्पन्न मानले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ मध्ये जाहीर झालेले आणि २०१८ पासून लागू असलेले आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक म्हणते, की ग्राहकाला दिलेले वचन जसे पुरे होईल तसे उत्पन्न धरावे. काम किती झाले हे अनेकदा तासांवरून मोजतात. ५०० तासांच्या अंदाजातले ३०० खर्ची पडले म्हणजे ६० टक्के काम झाले, असे कागदावर दिसते. पण टीम म्हणत असेल की अजून ३०० लागतील, तर काम झाले ५० टक्केच. म्हणून चांगल्या प्रणालीत झालेल्या तासांच्या शेजारी उरलेल्या तासांचा ताजा अंदाज दर आठवड्याला मागितला जातो. हा रकाना रिकामा सोडलेले प्रकल्प शेवटच्या महिन्यात तोंडघशी पडतात.

या साऱ्याचा पाया टाइमशीट आहे, आणि तीच सर्वांत कच्ची बाजू. सोमवारचे काम शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरले की आठवडाभर रोज बरोबर आठ तास दिसतात. कधी तासांची नैतिकताच आडवी येते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने १९९३ च्या अभिप्रायात स्पष्ट केले, की एका ग्राहकासाठी प्रवास करताना दुसऱ्याचे काम केले, तर तो तास दोघांच्याही बिलात घालता येत नाही. सॉफ्टवेअर एकाच वेळेची दुबार नोंद अडवू शकते. पण वेळ न लिहिता नुसते तासच भरले असतील, तर त्याला काहीच कळत नाही. उलट प्रकारही घडतो. बजेट संपत आल्यावर जास्तीचे तास न लिहिण्याचा किंवा शिल्लक असलेल्या दुसऱ्या प्रकल्पावर टाकण्याचा दबाव टीमवर येतो. प्रकल्प अहवालात नफ्यात दिसतो, आणि तशाच पुढच्या कामाचे कोटेशन काढताना प्रणाली त्याच कमी तासांचा दाखला देते.