चार तारा, दोन कुळं: युकुलेले आणि मँडोलिनच्या मधलं वाद्य

युकुलेले या गिटारसारख्या छोट्या हवाईयन वाद्याची हलकी लाकडी काया, त्यावर चार एकेरी तारा, पण त्या मँडोलिनसारख्या सुरांत लावलेल्या: पाश्चात्त्य सुरांच्या नावांत जी, डी, ए, ई. असं वाद्य अलीकडे छोट्या कारागिरांकडे दिसू लागलं आहे. कुणी त्याला मँडोलेले म्हणतं, कुणी दुसरं काही. ‘नवं वाद्य’ म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. पण एका वाद्याचं अंग आणि दुसऱ्याची सुरांची मांडणी एकत्र आणायची ही रीत खुद्द युकुलेलेच्या जन्मातच आहे. या नव्या जोडवाद्याकडे मी आदराने बघतो तो त्याच कारणासाठी.

23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज हवाईतल्या होनोलुलू बंदराला लागलं. अटलांटिकमधल्या मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून चारशेच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांवर काम करायला आली होती. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे लाकूडकाम जाणणारे तिघे होते. या मंडळींनी घरची वाद्यंही आणली. जहाज लागून दोन आठवडे होतात न होतात तोच तिथल्या वर्तमानपत्राने बातमी दिली की मदेइराचे लोक रोज रात्री रस्त्यावर गाऊन-वाजवून गावाला खूश करताहेत. पुढे या तिघांनी होनोलुलूत वाद्यं बनवायला सुरुवात केली, तीही हवाईतल्या कोआ लाकडात.

मदेइराची दोन वाद्यं इथे महत्त्वाची. एक माशेत, छोटं, चार तारांचं, डी-जी-बी-डी असं लावलेलं. दुसरं राजाउं, थोडं मोठं, पाच तारांचं. होनोलुलूच्या कारागिरांनी आकार घेतला माशेतचा आणि सूर घेतले राजाउंच्या पाचपैकी चार तारांचे: जी-सी-ई-ए. युकुलेलेची चौथी तार तिसरीपेक्षा उंच का वाजते, हे अनेक शिकणाऱ्यांना कोडं वाटतं. त्याचं उत्तर राजाउंमध्ये आहे, तिथे ती तशीच होती. बोटं पसरून छेडायला, गाण्याला साथ करायला ही मांडणी फार सोयीची ठरली. हवाईचा राजा कालाकाउआ याने या वाद्याला आश्रय दिला, दरबारी समारंभांत हुला नृत्याच्या साथीला ते बसवलं. आज आपण ज्याला अस्सल हवाईयन समजतो, ते दोन पोर्तुगीज वाद्यांच्या जोडणीतून आलं आणि पिढी-दोन पिढ्यांत त्या बेटांचं झालं. एवढ्या थोड्या काळात एखाद्या वाद्याने नवी भूमी इतकी आपलीशी केल्याची उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

मँडोलिनचा वंश वेगळा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नेपल्समध्ये, विनाच्चिया घराण्यासारख्या कारागिरांच्या हातून, आज ओळखतो ते रूप आलं: तारांच्या चार जोड्या, नखीने वाजवायच्या, व्हायोलिनसारख्या लावलेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या तारेला षड्ज मानलं की पुढची तार तिचा पंचम, आणि त्या पंचमाला षड्ज मानलं की त्यापुढची तार पुन्हा त्याचा पंचम. त्यामुळे मोकळ्या तारांचा पल्ला एकवीस अर्धस्वरांचा, म्हणजे पावणेदोन सप्तकांचा होतो. युकुलेलेचा पल्ला जेमतेम पाऊण सप्तकाचा. धून वाजवणाऱ्याला मँडोलिन मोकळं रान देतं, तर गाणाऱ्याला युकुलेले लगेच साथ देतं. मधलं वाद्य हवंसं वाटतं ते या फरकामुळेच.

आठ तारा हा मँडोलिनचा अटळ धर्म मात्र नव्हता. उत्तर इटलीत, ब्रेशिया आणि क्रेमोनाच्या बाजूला, चार एकेरी तारांचं मँडोलिन प्रचारात होतं. तारा जनावरांच्या आतड्याच्या, सुरांची लावणी व्हायोलिनचीच. त्याचा नावाजलेला वादक बार्तोलोमेओ बोर्तोलाझ्झी. संगीतकार योहान नेपोमुक हुमेलने 1799 साली मँडोलिनसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, याच बोर्तोलाझ्झीसाठी होता. म्हणजे मऊ स्वराचं, चार तारांचं, पंचमांत लावलेलं छोटं वाद्य सव्वादोनशे वर्षांपूर्वी मैफलीत वाजत होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात पोलादी तारा आल्या. नेपल्सच्या मँडोलिनने त्या पेलल्या, त्याचा आवाज मोठा झाला आणि ब्रेशियाचं वाद्य मागे पडलं.

आता कारागिराची अडचण बघा. सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या छोट्या आकाराचं, युकुलेले आणि मँडोलिन यांच्या तारांची वाजती लांबी जवळपास सारखी, 35 सेंटीमीटरच्या आसपास. पण आठ पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो, युकुलेलेच्या चार नायलॉन तारांचा वीस किलोच्या आतच राहतो. म्हणून मँडोलिनची तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, जाड किंवा कमानदार असते, तारा उचलून धरणारी घोडी नुसती तबलीवर टेकलेली असते आणि तारा मागच्या टोकाला अडकवलेल्या असतात. युकुलेलेची तबली पातळ, घोडी तिच्यावरच चिकटवलेली. तिच्यावर पोलादी मँडोलिनच्या तारा चढवल्या तर घोडी उखडते किंवा तबली फुगते. चार एकेरी तारांनी ताण निम्मा होतो, तरी तो युकुलेलेला जास्तच.

नायलॉनकडे वळावं तर दोन्ही टोकांना पेच. एवढ्या लांबीवर वरची ई तार तिच्या तुटण्याच्या मर्यादेजवळ ताणावी लागते, आणि खालची जी साध्या नायलॉनची ठेवली तर ढिली, बोदी वाजते. तिला धातूचं वेष्टण लागतं. या वाद्याची सगळी कसोटी या दोन तारांवर आहे.

अमेरिकेत अशा जोडण्यांचा हंगाम आधी एकदा येऊन गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मँडोलिनच्या वाद्यवृंदांची लाट होती. 1915 साली सान फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातल्या हवाईयन दालनाने युकुलेलेची लाट आणली. त्या सुमारास बँजोचं पिंड आणि मँडोलिनच्या तारा, बँजोचं पिंड आणि युकुलेलेच्या तारा, चार तारांची पंचमांत लावलेली टेनर गिटार, असं बरंच काही निघालं. मोठा आवाज हवा होता, आणि एका वाद्यावरचा हात दुसऱ्यावर विनासायास चालायला हवा होता. बँजो-युकुलेलेला पुढे ब्रिटनमध्ये जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायक-अभिनेत्यामुळे घराघरांत ओळख मिळाली.

आपल्याकडे मँडोलिन हिंदी चित्रपटसंगीतातून कानांत बसलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक, आणि संगीतकार सज्जाद हुसैन यांनी तर त्यावर राग वाजवले. पण जोडतारांचा प्रश्न मुळातून सोडवला तो आंध्रातल्या पालकोल्लू इथे 1969 साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी. कर्नाटक संगीताचं गमक, म्हणजे सुराचं आंदोलन, काढताना तार ओढावी लागते. जोडीतल्या दोन तारा एकत्र ओढल्या की त्यांचे सूर एकमेकांपासून सुटतात. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिन घेऊन जोड्या काढल्या, तारा एकेरी केल्या आणि पुढे पाचवी तार वाढवली. आवाज वाढवायचं काम विजेवर सोपवल्यामुळे जोडीची गरजच उरली नाही. एकेरी तारेच्या बाजूने याहून भक्कम दाखला मला माहीत नाही.

नव्या वाद्याला बळ मिळालं ते तारांच्या कारखान्यातून. इटलीत व्हिचेंझाजवळची अक्विला ही कंपनी जुन्या वाद्यांसाठी आतड्याच्या तारांचा अभ्यास करत होती. आतड्याच्या घनतेची आणि स्वराची कृत्रिम तार तिने 1990च्या दशकात तयार केली, आणि तीच पुढे जगभरच्या युकुलेलेंवर चढली. आज हीच कंपनी युकुलेले पंचमांत लावण्यासाठी तारांचे वेगळे संच विकते: सोप्रानोसाठी जी-डी-ए-ई, मोठ्या आकारांसाठी एक पंचम खाली, सी-जी-डी-ए. ज्याला मधलं वाद्य विकत घेण्याआधी पारखायचं आहे, त्याने घरातल्या साध्या युकुलेलेवर असा संच चढवून बघावा. व्हायोलिन येत असेल तर बोटांना जागा आपोआप सापडतील. फक्त पडदे आहेत म्हणून बोट पडद्याच्या जरा मागे टेकवायचं.