टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालत असताना, लहान विमानांची टक्कर : अमेरिकेतील ग्रामीण विमानतळांवर कळवण्याची पद्धत, मुदती आणि कागदपत्रे

अमेरिकेतील बहुतेक ग्रामीण विमानतळांवर नियंत्रण मनोरा नसतो. वैमानिक सामाईक रेडिओ वारंवारतेवर आपापली जागा सांगतात आणि उरलेले काम डोळ्यांवर सोपवतात. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचे नाक जमिनीवर उंचावलेले राहते व समोरचे नीट दिसत नाही. म्हणून ते नागमोडी चालवावे लागते, आणि तेवढी काळजी न घेतल्यास पुढे थांबलेले विमान दिसेपर्यंत प्रोपेलर त्याच्या शेपटीत घुसलेला असतो.

अशी टक्कर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला, म्हणजे एनटीएसबीला, कळवावी लागते का, हे संघीय नियमावलीच्या भाग ८३० वरून ठरते. उड्डाणाच्या हेतूने कोणी विमानात चढल्यापासून सर्वजण उतरेपर्यंतच्या काळात मृत्यू, गंभीर इजा किंवा विमानाचे ‘भरीव नुकसान’ झाले, तरच ती घटना ‘अपघात’ ठरते. त्यामुळे उतरल्यानंतर हँगरकडे जाताना झालेली टक्कर यात बसते. मेकॅनिक केवळ जागा बदलण्यासाठी विमान हलवत असेल, तर बसत नाही. भरीव नुकसान म्हणजे विमानाची संरचनात्मक ताकद, कामगिरी किंवा उड्डाणगुण बिघडवणारे आणि एरवी मोठी दुरुस्ती किंवा तो भाग बदलणे आवश्यक करणारे नुकसान. जमिनीवर वाकलेली प्रोपेलरची पाती, पंखाची टोके, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग), चाके, ब्रेक, लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) आणि पत्र्याला पडलेले पोचे मात्र नियमाने स्पष्टपणे वगळले आहेत. बिल किती आले यावरून अपघात ठरवण्याची सवय इथेच फसते : महागडा प्रोपेलर वाया जाऊनही अपघात होत नाही, आणि पंखाच्या आतला मुख्य दांडा वाकला असेल, तर बाहेरून फारसे काही न दिसताही होतो. हँगर किंवा इंधनपंपासारख्या इतर मालमत्तेचे नुकसान २५,००० डॉलरपेक्षा अधिक असल्याचा अंदाज असेल, तर तेही तातडीने कळवावे लागते.

कळवण्याची जबाबदारी ऑपरेटरची, म्हणजे मालकाची, भाड्याने घेणाऱ्याची किंवा ज्याच्या परवानगीने विमान चालते त्याची असते. प्रशिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत ती सहसा शाळेकडे येते. पहिली सूचना विनाविलंब, उपलब्ध असलेल्या सर्वांत जलद मार्गाने द्यावी. तीत विमानाचा प्रकार व नोंदणी क्रमांक, मालक, ऑपरेटर आणि वैमानिक यांची नावे, वेळ, ठिकाण, विमानातील माणसे व जखमी, हवामान आणि नुकसानाचे स्वरूप सांगावे लागते. त्यानंतर १० दिवसांच्या आत ६१२०.१ क्रमांकाचा लेखी अहवाल सादर करायचा असून, शारीरिकदृष्ट्या सक्षम असलेल्या प्रत्येक वैमानिकाने आपल्याला दिसले तसे घटनेचे निवेदन सोबत जोडायचे असते. एकमेकांत अडकलेली विमाने लगेच ढकलून बाजूला करण्याचा मोह आवरावा. माणसांना बाहेर काढणे, आणखी हानी टाळणे किंवा लोकांचे संरक्षण करणे एवढ्यासाठीच ती हलवता येतात, आणि तेव्हाही शक्य असल्यास आधी मूळ स्थितीची छायाचित्रे, रेखाचित्र व टिपणे तयार ठेवावी लागतात.

अपघाताच्या व्याख्येत न बसणाऱ्या धडकेत वैमानिकाने नासाच्या एएसआरएस या उड्डाणसुरक्षेच्या घटना कळवण्याच्या गोपनीय योजनेत १० दिवसांच्या आत अहवाल द्यावा, असे मी आवर्जून सुचवेन. चूक हेतुपुरस्सर नसेल, त्यात गुन्हा नसेल आणि मागील ५ वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसेल, तर असा अहवाल देणाऱ्यावर एफएए, म्हणजे अमेरिकेचे संघीय विमान वाहतूक प्रशासन, सहसा दंड किंवा परवाना निलंबन लादत नाही. नासाने शिक्का मारून परत पाठवलेली ओळखपट्टी हाच मुदतीत अहवाल दिल्याचा पुरावा, म्हणून ती जपून ठेवावी.

दुरुस्तीचे कागद याहून वेगळे आहेत. मोठ्या दुरुस्तीसाठी एफएएचा ३३७ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. लायकॉमिंग इंजिन असलेल्या विमानाचा प्रोपेलर आदळला असेल, तर घटना कळवण्याजोगी नसली तरीही एफएएच्या २००४-१०-१४ या उड्डाणयोग्यता निर्देशानुसार, तो लागू असलेल्या इंजिनांत, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, गिअरची तपासणी करून तिची नोंद इंजिनच्या लॉगबुकात करावी लागते.