सी-प्लेनचा बेस आणि ‘वॉटरलाइन’चा घोळ

चाकांच्या विमानाचं छोटं मॉडेल शेल्फवर स्वतःच्या पायांवर उभं राहतं; पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेनला चाकांऐवजी होडीसारखे पोकळ फ्लोट असतात, त्याचं मॉडेल कलंडतं. म्हणून आधी लाकडी घोडी, मग किटसोबत (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचासोबत) येणारा प्लास्टिकचा स्टँड, नाहीतर किनाऱ्यावर ओढायची चाकांची ट्रॉली. पाणी दाखवायचंच असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसवर लाटा उठवून रंग आणि वर वॉर्निश.

खरा वाद पारदर्शक रेझिनबरोबर आला, म्हणजे पातळ ओतून पाण्यासारखं घट्ट होऊ द्यायच्या द्रवाबरोबर. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि किट पॉलिस्टायरिनचं. ओलं रेझिन लागलं की फ्लोटचं प्लास्टिक विरघळायला लागतं. त्यामुळे फ्लोट पाण्याच्या रेषेवर कापून घट्ट झालेल्या पाण्यावर चिकटवायचे, असा रिवाज पडला. त्याला नाव लाभलं जहाजवाल्यांचं: ‘वॉटरलाइन’. १९७१ पासून जपानमधून आलेल्या जहाजांच्या १/७०० प्रमाणाच्या किटांनी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवला.

पण जहाजाच्या अंगावर ती रेषा रंगवलेलीच असते. सी-प्लेनला अशी एक रेषा नाही. अमेरिकी नियमानुसार प्रत्येक मुख्य फ्लोटची उत्प्लावकता त्याच्यावरच्या भारापेक्षा ८० टक्के जास्त लागते. म्हणजे पूर्ण भाराने, गोड्या पाण्यात थांबलेल्या विमानाचा फ्लोट निम्म्याहून जास्त बुडालेला असतो. टाकी रिकामी झाली की तो वर येतो. वेग घेताना विमान ‘स्टेप’वर, म्हणजे फ्लोटच्या तळाला असलेल्या पायरीवर चढतं, तेव्हा त्या पायरीजवळचा भागच काय तो पाण्याला लागतो. यातली कुठली रेषा कापायची? सहसा फार खाली कापतात, आणि विमान पाटावर ठेवल्यासारखं दिसतं.

करड्या, गढूळ समुद्रात तळ तसाही दिसत नाही, हे कापणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. तरी इपॉक्सी हे दुसरं रेझिन हाताशी आल्यावर कापण्याचं मूळ कारण उरलं नाही. ते प्लास्टिक खात नाही. फक्त जाड ओतलं तर तापतं, म्हणून तीन-चार मिलिमीटरचे थर, एक घट्ट झाल्यावर दुसरा. मग फ्लोटचा पाण्याखालचा रडरसुद्धा (सुकाणू) दिसतो, आणि तो दिसायलाच हवा.

आता भांडण उरलंय ते कडेचं. रेझिन फ्लोटच्या भिंतीवर मिलिमीटरभर चढतं. १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ते खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर होतं. त्या कडेवर टूथपिकने अ‍ॅक्रिलिक जेल ओढून तिचीच बारीक लाट करतात.