बुडत्याचा पाय खोलातच का जातो?

मे महिना आला की नाशिकमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पोहायला शिकणाऱ्यांची गर्दी होते आणि गंगापूर धरणाकडे नाहीतर सोमेश्वरच्या बाजूला कोणीतरी बुडाल्याची बातमी येते. मग बातमी वाचून हळहळणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याला काय आता येणार पोहायला, ते लहानपणीच शिकायचं असतं." हे मला अजिबात पटत नाही. वयाने माणूस जड होत नाही, वयाने भीती वाढते, आणि भीती वाटली की माणूस पहिली गोष्ट काय करतो तर डोकं पाण्याबाहेर काढतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

जरा हिशोब करू. 70 किलोचा माणूस घ्या. हाडं आणि स्नायू पाण्यापेक्षा थोडे जड, चरबी थोडी हलकी आणि छातीत हवा. पूर्ण श्वास घेतला की फुप्फुसांत 6 लिटरच्या आसपास हवा असते आणि तेव्हा अख्ख्या शरीराचं आकारमान साधारण 72 लिटर भरतं. आता शाळेतला आर्किमिडीज आठवा, जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका धक्का वर मिळतो. म्हणजे पूर्ण बुडालेल्या या माणसाला पाणी 72 किलोने वर ढकलतंय आणि वजन आहे 70. शिल्लक राहिले 2 किलो. याचा अर्थ शरीराचा फक्त 2 लिटर एवढाच भाग फुकटात पाण्याबाहेर राहू शकतो, आणि नुसतं डोकंच असतं 4 ते 5 लिटरचं! डोकं पूर्ण बाहेर हवं असेल तर वरचे 2-3 किलो सतत हातपाय मारून उचलून धरावे लागणार. त्यात अर्धा श्वास सोडला की ती 2 किलोची शिल्लकही गेली.

हे 2-3 किलो उचलणार कोण, तर हात. नवशिका माणूस हात पुढे टाकून पाणी खाली दाबतो, त्याने पुढची बाजू वर उचलली जाते आणि मागची खाली जाते. आणि मागची बाजू तर आधीच खाली जायला टपलेली असते, कारण आपलं वजन खाली खेचतं ते बेंबीच्या जवळपासच्या एका बिंदूतून, पण पाणी वर ढकलतं ते त्यापेक्षा थोडं छातीकडच्या बिंदूतून, कारण हवा छातीत आहे. दोन्हीत अंतर जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं, पण 70 किलोला तेवढं पुरतं. शरीर बागेतल्या सी-सॉसारखं फिरतं, छाती वर, पाय खाली. जिममध्ये कमावलेल्या सडपातळ मुलांचे पाय तर दगडासारखे जातात, कारण मांड्यांत स्नायू भरपूर आणि चरबी कमी. बायकांचे पाय साधारणपणे त्या मानाने बरे तरंगतात.

आपल्याकडे विहिरीत शिकवताना पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचे, तो मला या बाबतीत फार आवडतो. कमरेच्या जवळ बांधलेला डबा वर ढकलणारा बिंदू छातीकडून मागे सरकवतो, कंबर वर येते आणि पोरगं आडवं राहतं. आजकाल तलावावर मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा देतात, पुल बॉय म्हणतात त्याला, त्याचंही तत्त्व हेच. डबा नसेल तर तेच काम अंगानेच करायचं: तोंड पाण्यात, नजर तळाकडे, हात डोक्याच्या पुढे सरळ लांब. हात पाण्यापेक्षा किंचित जड असतात, ते पुढे लांब नेले की पुढच्या टोकाला वजन वाढतं आणि पाय थोडे वर येतात.

पाय खाली लोंबकळत राहिले तर काय होतं? पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, त्यात तिरकं शरीर म्हणजे समोरून भिंतच. शिवाय विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. त्यामुळे "अजून जोरात हात मार" हा सल्ला मोठ्या माणसाला देऊ नका, तो दोन मिनिटांत दमतो आणि आपल्याला जमत नाही असं समजून घरी जातो. आधी शरीर आडवं करा, जोर नंतर.

राहिला श्वास. बहुतेक लोक पाण्यात श्वास कोंडतात आणि तोंड वर आल्यावर घाईघाईने सोडून पुन्हा घ्यायचा प्रयत्न करतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचं, आणि श्वास घ्यायला डोकं उचलायचं नाही, कुशीकडे वळवायचं, एक कान पाण्यातच ठेवून.

पत्रिकेत जलघात आहे म्हणून पोराला पाण्यापासून लांब ठेवणारी घरं मला माहीत आहेत. नदी बळी मागते असंही म्हणतात. नदी काही मागत नाही, पाण्याला ओढ असते, तळाला गाळ आणि कपारी असतात, धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीवरच्या रामकुंडापाशी पाणी दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या अंगावर चढत जाताना दिसतंच. पोहायला न शिकवलेलं पोर मित्रांबरोबर बॅकवॉटरला गेलं तर पत्रिका काय करणार?

आणि पोहायला आलं की एक खेळ मात्र बिलकुल खेळू नका. पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज लावून आधी भराभर खोल श्वास घेतात ना, तो. त्याने कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की श्वास घ्यावासा वाटायच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध जाते, ती पण पाण्याखाली आणि अगदी छातीएवढ्या पाण्यात, चांगल्या पोहणाऱ्याचीसुद्धा.