प्रसूतीचा आराखडा

प्रसूतीचा आराखडा, बोलण्यात 'बर्थ प्लॅन', म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंतच्या तासांत काय व्हावे, काय विचारल्याशिवाय होऊ नये आणि अडलेच तर कोणी काय करायचे, याचे गर्भवतीने आधी करून ठेवलेले टिपण. साधारणतः आठव्या महिन्यात, ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, ते डॉक्टरांसमोर वाचून फाइलला लावले जाते. त्याला करारपत्राचे वजन नसते. डॉक्टरांशी निवांतपणी झालेल्या बोलण्याची ती नोंद असते आणि मोल त्या बोलण्याचे असते. एका पानापेक्षा लांबलेला आराखडा लेबर रूममध्ये कोणी वाचत नाही.

ही कल्पना अमेरिकेतली. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंतपणे घरातून रुग्णालयात गेली आणि आईला गुंगीचे औषध, बाप दाराबाहेर, बाळ वेगळ्या खोलीत अशी रीत पडली. तिला विरोध करणाऱ्यांपैकी सिअ‍ॅटलच्या पेनी सिमकिन यांनी १९८० च्या सुमारास लेखी आराखड्याचा पुरस्कार केला. भारतात मात्र आराखडा वेगळ्याच गरजेतून आला. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या जननी सुरक्षा योजनेत आशा कार्यकर्तीने प्रत्येक गर्भवतीचा 'मायक्रो बर्थ प्लॅन' करायचा असतो: नोंदणी, अपेक्षित तारीख, प्रसूतीचे ठिकाण, वाहन आणि अडचण आल्यास पुढचे रुग्णालय. अमेरिकेतला आराखडा उपचारांचा अतिरेक टाळण्यासाठी होता, इथला उपचारांपर्यंत वेळेत पोचण्यासाठी. बडोद्यासारख्या शहरात एकाच बाईला दोन्ही लागतात.

बडोद्यातील मराठी घरे

दांडिया बाजार, रावपुरा किंवा विश्वामित्री नदीपलीकडच्या अकोटा भागातल्या मराठी घरांना बाळंतपणाची आखणी नवी नाही. दिवस राहिले की दवाखान्यात नाव घालतात. पहिले बाळंतपण माहेरी की इथेच, हे दोन्ही घरांच्या बोलाचालीत ठरते. सातव्यात डोहाळजेवण होते. शेजारच्या गुजराती बायका त्याला 'श्रीमंत' म्हणतात आणि हौसेने येतात. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून होतात, मालिशवालीला सांगून ठेवले जाते, डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा भरून होतात. इथल्या मराठी बाळंतिणीला डिंकाच्या लाडवांबरोबर शेजारणीकडून काटलू, म्हणजे बाळंतिणीसाठीचा मसालेदार गुजराती पाक, हेही मिळते. आई, सासू आणि शेजारीण अशा तिघींच्या याद्या जुळवता जुळवता नववा लागतो.

या आखणीत एक मोठे भोक राहते. कळा सुरू झाल्यापासून 'मोकळी झाली' असा फोन येईपर्यंतच्या तासांबद्दल कोणत्याच यादीत काही नसते. ते तास पूर्वी सुईणीचे होते, नंतर डॉक्टरांचे झाले. बडोद्यात हे हस्तांतर तसे लवकर सुरू झाले. बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळावेत म्हणून १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने लेडी डफरिन निधी उभा राहिला. पुढच्याच वर्षी, सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत, काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालयाची पायाभरणी झाली. तेच आजचे सयाजी रुग्णालय, ज्याला गावात सगळे 'एस. एस. जी.' म्हणतात. सुईण घरी यायची तेव्हा खोलीत आई, मावशी, काकू असत. रुग्णालयाचे दार लागले तशा त्या बाहेर राहिल्या. आराखडा त्यांच्यापैकी एकीला पुन्हा आत नेण्याची तजवीज करतो.

सोबत कोण

म्हणून आराखड्यातली पहिली ओळ सोबतिणीची असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीची व्यक्ती जवळ असावी असे सांगितले आहे. सरकारी रुग्णालयांत अशी सोबत घेऊ देण्याची सूचना भारत सरकारने २०१६ मध्येच दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी आणि जिथे पुरेसा आडोसा आहे तिथे नवराही चालेल, असे तीत म्हटले आहे. खाजगी दवाखान्यांत ज्याचा त्याचा नियम असतो. तो नाव घालतानाच विचारावा.

निवड नात्यापेक्षा स्वभावावर करावी. पुण्या-नाशिकहून आलेली आई मायेने हात धरते, पण तिला गुजराती थोडेफार समजले तरी बोलता येत नाही. सिस्टरचे 'जोर करो' कोणालाही कळते. पण दुसऱ्या दिवशी बाळाला 'कमळो' झाला म्हणतात, तेव्हा ती कावीळ आहे हे उमगेपर्यंत आजीचा जीव टांगणीला लागतो. बडोद्यातच वाढलेली जाऊ अशा वेळी बरी पडते. भाषेचे हेच कागदालाही लागू आहे: डॉक्टरांसाठी इंग्रजी प्रत, रात्रपाळीच्या सिस्टर आणि आयाबेनसाठी चार ओळी गुजरातीत. मराठी प्रत घरच्यांसाठी.

कळांचे तास

इथे आराखड्यात मागण्यांपेक्षा प्रश्न असावेत. प्रसूतीची जोमदार अवस्था गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर धरावी, असे २०१८ च्या शिफारशी सांगतात. त्याआधी सगळे ठीक असताना केवळ वेळ लागतो म्हणून कळा वाढवण्याची घाई करू नये. तेव्हा 'कळा वाढवायचे औषध केव्हा सुरू कराल' हा पहिला प्रश्न. सरसकट एनिमा, सरसकट केस काढणे आणि सरसकट छेद देऊन टाके घालणे या तिन्ही गोष्टी त्याच शिफारशींनी बाद ठरवल्या आहेत. गुंतागुंत नसलेल्या बाईला पाणी पिऊ द्यावे, हलके खाऊ द्यावे, उठू-फिरू द्यावे. एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन, हवे असेल तर नुसते 'हवे' लिहून भागत नाही. भूलतज्ज्ञ दवाखान्यात असतात की घरून येतात, आणि रात्री दोनला किती वेळात, हे विचारून त्याच्यापुढे लिहावे.

'सीझर झाले तर' ही ओळ पुष्कळ जणी अशुभ म्हणून टाळतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सीझरने झाल्याचे दिसले. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ आणि खाजगी संस्थांत ४७.४ टक्के होते. खाजगी दवाखान्यात नाव घातलेल्या बाईने ही ओळ गाळण्यात अर्थ नाही. भूल कोणती, सोबतीण आत येऊ शकते का, बाळ प्रथम कोणाच्या हाती द्यायचे, एवढे तरी ठरवावे. आराखडा लिहिल्याने सीझर टळते असे मात्र नव्हे. बाळाचे ठोके उतरले की सगळी टिपणे बाजूला राहतात, आणि ती राहिलीच पाहिजेत.

सहीबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. संमतीपत्रावर नवऱ्याने किंवा सासऱ्याने सही करायची, असे दवाखान्यातले लोकही धरून चालतात. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच लागते. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती, जिवाला तातडीचा धोका नसल्यास, चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले.

वाट, वाहन, रक्त

प्रसूती सांगितलेल्या तारखेलाच होते अशा बायका शंभरात चार-पाच. म्हणून तारखेच्या मागेपुढे शहरात काय आहे ते पाहावे लागते. अकोट्यात राहणारी आणि दांडिया बाजारात नाव घातलेली बाई विश्वामित्री ओलांडून जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. पावसाळ्यातल्या तारखेसाठी नदीच्या आपल्या काठावरचे दुसरे रुग्णालय लिहून ठेवणे शहाणपणाचे. नवरात्रात गरब्याच्या मैदानांभोवती रात्री गाडी हलत नाही, गणपती विसर्जनाला जुन्या शहरातले रस्ते वाहनांना बंद होतात. बॅग भरताना दुपट्यांचे रंग निवडण्यात जो वेळ जातो, त्यातला थोडा इकडे द्यावा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते. तिला सांगायचा घराचा पत्ता, ठळक खूण धरून, फोनजवळ गुजरातीत लिहिलेला असावा.

रक्तगट, हिमोग्लोबिन आणि रक्त देऊ शकणाऱ्या दोघांची नावे ममता कार्डाबरोबर, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांच्या सरकारी कार्डाबरोबर, ठेवतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते आधीच वाढवणे हाच खरा आराखडा. आईचा गट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन लागते. सरकारी रुग्णालयात जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सीझर, औषधे, रक्त आणि वाहन हे सारे मोफत आहे.

बाळ आल्यावर

नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, तासाभरात चीक पाजावा, पहिली अंघोळ २४ तासांनी घालावी. डॉक्टर सहसा या गोष्टींना हरकत घेत नाहीत. आराखड्याचा हा भाग मुळात आजीला वाचून दाखवायचा असतो. मराठी आजी मध चाटवते, गुजराती शेजारीण गूळपाण्याची गळथूथी देते. बडोद्यात बाळाला दोन्हीकडून धोका. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते म्हणून तो वर्षभर वर्ज्य आहे, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. हे आठव्या महिन्यात सांगितले तर आजी ऐकते. बाळ मांडीवर आल्यावर सांगितले तर रुसते.

सरकारी रुग्णालयातून आई-बाळाला 'खिलखिलाट' गाडी घरी सोडते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बारशाला नाव ठरले नाही तरी नोंद अडत नाही, कायद्याने नाव मागाहून भरता येते. आत्याला मात्र हे बारशाआधी सांगू नये.