डॅशबोर्डच्या किल्लीला मुदत कशी आली

विक्रीचा डॅशबोर्ड ऑफिसच्या भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसरात्र सुरू असतो. त्याच्यामागे डेटाबेसचं एकच खातं असतं. त्याचा पासवर्ड चार वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेला आणि एका एक्सेल शीटमध्ये लिहिलेला. ठेवणारा नोकरी सोडून गेला, पासवर्ड मात्र अजून कामावर आहे. हे चित्र कित्येक ऑफिसांत दिसेल.

असे जुने पासवर्ड काय करू शकतात ते 2024 मध्ये दिसलं. डेटा साठवून त्याचं विश्लेषण करू देणाऱ्या स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकांच्या खात्यांत चोर शिरले. स्नोफ्लेकची यंत्रणा फोडायची गरजच पडली नाही. कुणाच्या तरी संगणकातून मॅलवेअरने उचललेले पासवर्ड टाकले आणि दार उघडलं. मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या तपासानंतर सुमारे 165 संस्थांना सावध करण्यात आलं. काही पासवर्ड नोव्हेंबर 2020 मध्येच चोरीला गेलेले होते, आणि एवढ्या काळात कुणी ते बदलले नव्हते.

गंमत अशी, की यावरचा उपाय तोवर चाळीसएक वर्षांचा झाला होता.

संगणकावरचा पासवर्ड अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सीटीएसएस या, अनेकांनी एकच संगणक वाटून वापरायच्या प्रणालीत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आला, आणि चोरीही लगेच आली. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचे आठवड्याचे ठरलेले तास पुरेनात, म्हणून त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली.

त्याच एमआयटीत 1983 मध्ये अथेना प्रकल्प सुरू झाला. आवारभर संगणक मांडले, कुठल्याही विद्यार्थ्याने कुठेही बसावं. म्हणजे समोरच्या संगणकावरही भरवसा नाही आणि मधल्या तारेवरही नाही. त्यातून कर्बेरोस ही ओळख पटवण्याची यंत्रणा निघाली. नीडहॅम आणि श्रोडर या संशोधकांनी 1978 मध्ये मांडलेली पद्धत तिचा पाया होती. यात पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही. सकाळी एकदा ओळख पटवायची, त्या बदल्यात तिकीट मिळतं. शब्दही तिकीटच, आणि चालही एसटीच्या तिकिटाची: नाव, कुठे जायचं आणि कधीपर्यंत. साधारण आठ तासांनी ते आपोआप बाद.

इतकी कमी मुदत का? कारण एकदा दिलेलं तिकीट परत मागून घेणं फार अवघड. ते दहा ठिकाणी पोचलेलं असतं, प्रत्येक सर्व्हरला ‘हे रद्द’ म्हणून कोण कळवत बसणार? त्यापेक्षा ते मुळातच अल्पायुषी ठेवायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी युक्ती हीच, बाकी तपशील. एक अट मात्र आली: सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. कर्बेरोस सहसा पाच मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतं.

वेबवर हे शहाणपण उशिरा पोचलं. 2007 च्या आसपास कुठलीही नवी साइट ‘मित्र शोधून देतो’ म्हणत सरळ तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागायची, आणि लोक देतही. त्यावर ओऑथ आलं, म्हणजे पासवर्ड न देता दुसऱ्या साइटला मर्यादित परवानगी देण्याची पद्धत. 2012 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, 2014 मध्ये तिच्यावर उभं राहिलेलं, ओळख पटवणारं ओपनआयडी कनेक्ट.

डॅशबोर्ड या रांगेत शेवटी उभा राहिला. ‘नुसतं बघायचं तर आहे’ हा समज होताच. शिवाय रिपोर्टचं टूल डेटाबेसला एका सामाईक खात्याने जोडून टाकणं सोपं. पण मग कोणी काय पाहिलं हे डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदींत, शोधायला जावं तर प्रत्येक ओळीत तेच एक नाव.

आता चित्र बदलतंय. ॲमेझॉनच्या क्विकसाइट या डॅशबोर्ड बनवायच्या सेवेत डॅशबोर्ड दुसऱ्या पानात बसवण्यासाठी बनवलेली लिंक पाच मिनिटांत वापरावी लागते, आणि तीही एकदाच. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून उपयोग नाही. टॅब्लो या तशाच टूलच्या कनेक्टेड ॲप्समध्ये टोकनला, म्हणजे तिथल्या डिजिटल तिकिटाला, जास्तीत जास्त दहा मिनिटं. असं टोकन उघडून पाहिलं तर आत ‘सब’मध्ये माणसाची ओळख असते आणि ‘एक्स्प’समोर एक लांबलचक आकडा: 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद. घड्याळ त्या आकड्यापुढे गेलं की टोकन बाद. डेटाबेसही मागे नाहीत. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत 2017 पासून पासवर्डऐवजी पंधरा मिनिटांचं टोकन चालतं.

अडचण उरते ती भिंतीवरच्या टीव्हीची आणि पहाटे तीनला आपोआप निघणाऱ्या रिपोर्टची. तिथे ओळख पटवायला माणूसच नसतो. मग रिफ्रेश टोकन नावाची दुसरी किल्ली ठेवतात, ती दाखवली की नवं टोकन मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या लॉगिन सेवेत तिची नेहमीची मुदत 90 दिवस आहे, आणि दर वेळी वापरली की नवी किल्ली मिळते. एक्सेल शीट गेली, पण रोज वापरात असलेली ही किल्लीही वर्षानुवर्षं चालू राहू शकते.