बारीक अंगाला कमी डायलिसिस?

“अंगापिंडाने बारीक आहे ती, तिला चार तास कशाला? तीन तासांत होईल की!” डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकड्यावर हे वाक्य हमखास कानी पडतं. गंमत म्हणजे डायलिसिसची मात्रा मोजायला जगभर वापरलं जाणारं सूत्रही बाकड्याचीच बाजू घेतं: केटी भागिले व्ही.

फिल्टर दर मिनिटाला जितकं रक्त युरिया या टाकाऊ द्रव्यापासून पूर्ण मोकळं करतो तो ‘के’. ‘टी’ म्हणजे वेळ. ‘व्ही’ म्हणजे शरीरातलं एकूण पाणी, कारण युरिया त्या सगळ्या पाण्यात पसरलेला असतो. आता गढूळ पाण्याचा रांजण घ्या. तांब्याने पाणी काढायचं, गाळायचं, त्याच रांजणात परत ओतायचं. रांजणभर पाणी गाळून झालं, तरी रांजण नितळ होत नाही. गाळलेलं पाणी गढुळात मिसळतं आणि पुढचा तांब्या त्यातलंच थोडं पुन्हा उपसतो. म्हणून भागाकार १ आला तरी सुमारे ३७ टक्के युरिया मागे उरतो, १.२ ला ३० टक्के, २ ला साडेतेरा. प्रत्येक वेळी किमान १.२ हवा, हा नियम आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे दोनदाच परवडणारे पुष्कळ. त्यांना तो तसाच लावून चालत नाही.



घोळ आहे तो व्हीमध्ये. पन्नाशीचे एक पुरुष आणि एक बाई, दोघांची उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो. वॉटसन यांच्या १९८० च्या समीकरणाने पुरुषाच्या अंगात ३५ लिटर पाणी, बाईच्या सुमारे ३०. तिच्या शरीरात चरबीचा वाटा जास्त आणि चरबीत पाणी फार कमी. १.२ गाठायला त्याचं ४२ लिटर रक्त साफ व्हावं लागतं, तिचं ३६. मिनिटाला २०० मिलिलिटरने त्याला साडेतीन तास, तिला तीनच.

पण निरोगी मूत्रपिंडाचं काम आपण पाण्यावर मोजत नाही, शरीराच्या पृष्ठफळावर मोजतो: दर १.७३ चौरस मीटरला किती. या दोघांचं पृष्ठफळ सारखंच. मग तिचे सहा लिटर कापले कशासाठी?

डायलिसिसची नेहमीची आणि जास्त मात्रा यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या हेमो चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. १,८४६ रुग्ण होते आणि एकंदरीत जास्त मात्रेचा फायदा दिसला नाही. स्त्रियांमध्ये मात्र जास्त मात्रेच्या गटात मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी कमी होता. पोटगटातला आकडा जपूनच वापरावा, पण या शंकेशी तो जुळतो.

लहान चणीच्या पुरुषांनाही हे लागू आहे, कारण देह लहान होतो तसं पाणी पृष्ठफळापेक्षा वेगाने घटतं. १७० सेंटिमीटर, ७० किलोच्या पन्नाशीतल्या पुरुषाला १.२ साठी ४७ लिटर लागतात. १५० सेंटिमीटर, ४५ किलोच्या बाईला पाण्याच्या हिशेबाने ३०, म्हणजे अडीच तास. पृष्ठफळाच्या हिशेबाने ३६, म्हणजे तीन.